वीतभर उंचीची गाडी आणि मोहावीचं वाळवंट: प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी

ठरलं. एप्रिलच्या शेवटी कॅलिफोर्नियातली वाळवंटं: डेथ व्हॅली, तिथून खाली मोहावी आणि शेवटी जोशुआ ट्री. गाडी आमचीच, १९९३ ची माझ्दा एमएक्स-५, म्हणजे मियाटा. दोन सीटा, १.६ लिटरचं इंजिन, कापडी छप्पर आणि डोळे मिचकावणारे हेडलाइट. पोटाखालून जमिनीपर्यंतचं अंतर वीतभरसुद्धा नाही.

ज्याला सांगावं तो म्हणतो, वाळवंटात जायचं तर जीप घ्या. वाळवंटातल्या नेमक्या कुठल्या जागी जायचंय हे मात्र कोणी विचारत नाही. तिथून जाणारे कित्येक उत्तम रस्ते पूर्ण डांबरी आहेत, आणि मला ठिकाणांइतकेच रस्तेही हवे आहेत. म्हणून प्रकल्पाचा नियम एकच: डांबर संपलं की आपण थांबलो. नवऱ्याने नियम मान्य केला, पण नकाशात रेसट्रॅक प्लाया या सुकलेल्या तळ्याभोवती, जिथे फक्त कच्चा रस्ता जातो, पेन्सिलीने गोल काढून ठेवलाय. तो वाद पुढे होणार.

कामांची वाटणी: गाडी, स्टिअरिंग आणि ही वही माझ्याकडे. नकाशे, मुक्काम, पाणी आणि "अगं डावीकडे बघ, डावीकडे" त्याच्याकडे.

१६ फेब्रुवारी

पहिलं काम रेडिएटर. वरच्या टाकीचं काळं प्लास्टिक पिवळट-तपकिरी दिसायला लागलं होतं. इतक्या वर्षांच्या प्लास्टिकने असं करणं साहजिकच आहे, पण रंग बदलला की समजायचं, हे आता ठिसूळ होत आलंय. गळत नव्हता, तरी बदलला. घराजवळ फुटला तर फारतर वैताग होतो. सर्वांत जवळचं गॅरेज शंभरेक किलोमीटरवर असेल तर सहल तिथेच संपते. सोबत दोन्ही होज, थर्मोस्टॅट, पट्टे आणि झाकणही नवीन.

झाकणाला लोक फार हलक्यात घेतात. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घातलं तर ते मिश्रण उघड्यावर साधारण १०६ अंश सेल्सिअसला उकळतं. झाकणाने ०.९ बारचा दाब धरून ठेवला तर तेच १२५ च्याही वर जातं. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा वरचा मजला हातातून जातो, आणि वस्तू तर मुठीत मावेल एवढी.

जुन्या मियाटाच्या इंजिनात कूलंट ज्या वाटेने फिरतं, त्यात सगळ्यात मागचा सिलिंडर जास्त तापतो. त्यावर पाइपांची वाट बदलण्याचा एक उपाय आहे. तो ट्रॅकवर शर्यती लावणाऱ्यांनी करावा. आम्ही दोघं, दोन पिशव्या आणि पाणी. आम्हाला त्याची गरज नाही.

२ मार्च

तापमानाचा वेगळा मीटर बसवला. डॅशबोर्डवरचा मूळ काटा मुद्दामच सुस्त ठेवलेला असतो. इंजिन ८५ ला असो वा १०० ला, तो मधोमध ढिम्म उभा. चालवणारा उगाच घाबरू नये हा हेतू. पण तो हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. नवीन मीटरचा सेन्सर वरच्या होजमध्ये बसतो आणि खरा आकडा दाखवतो. घराभोवती चक्कर मारली: ८८ च्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो, ९७ ला पंखा लागतो. हे दोन आकडे डोक्यात पक्के.

१० मार्च

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल. कंटाळवाणं काम, झालं.

२३ मार्च

जागेचं गणित. डिकी म्हणजे शंभरेक लिटरचा खड्डा, त्यात स्टेपनी आधीच ठाण मांडून बसलेली आणि कोपऱ्यात बॅटरी. हो, या गाडीची बॅटरी डिकीत असते. वाळवंटासाठी ते बरंच आहे, कारण बॅटरीला इंजिनची उष्णता लागत नाही आणि उष्णतेनेच बॅटऱ्या लवकर मरतात.

उरलेल्या जागेत काय मावतं? राष्ट्रीय उद्यानवाले माणशी दिवसाला निदान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी धरायला सांगतात. आम्ही वीस लिटर ठेवणार, त्यातलं थोडं इंजिनसाठी. एका मोठ्या कॅनपेक्षा पाच-पाच लिटरच्या पिशव्या बऱ्या, कारण त्या कोपऱ्यांत कोंबता येतात आणि रिकाम्या झाल्या की घडी होते. कपडे मऊ पिशव्यांतच. कडक बॅग दिसली की डिकी नाही म्हणते.

पाण्याचं हे रडगाणं तिथे नवीन नाही. १८८३ ते १८८९ या काळात डेथ व्हॅलीतून बोरॅक्स नावाचं खनिज बाहेर काढायचे ते खेचरांच्या गाड्यांनी: १८ खेचरं, २ घोडे, मालाच्या दोन अजस्र गाड्या आणि त्यांच्यामागे बाराशे गॅलन पाण्याची टाकी. मोहावीच्या रेल्वे स्टेशनापर्यंत १६५ मैल. ही माहिती नवऱ्याने वाचून दाखवली आणि वर म्हणाला, "बघ, त्यांनीसुद्धा पाण्याला वेगळा डबा लावला होता." ट्रेलर लावणार नाही, हे मी त्याला लगेच सांगून टाकलं.

६ एप्रिल

टायर नवीन, मूळ मापाचेच. दारावरच्या पट्टीवर २६ पीएसआय आहे, तेवढीच हवा ठेवणार, आणि सकाळी गाडी थंड असतानाच मोजणार. तापमान साडेपाच-सहा अंश सेल्सिअसने वाढलं की हवा साधारण १ पीएसआयने वाढते. त्यामुळे दुपारी मीटर ३० च्या वर दाखवतो आणि लोक घाबरून हवा सोडतात. मग दुसऱ्या दिवशी पहाटे टायर बसलेला.

रेसट्रॅकचा वाद आज झाला. ती सुकलेल्या तळ्याची सपाट जमीन, तिच्यावर दगड आणि दगडांमागे उमटलेल्या लांबलचक रेघा. कित्येक वर्षं कोणालाच कळत नव्हतं की दगड सरकतात कसे. डिसेंबर २०१३ मध्ये संशोधकांनी ते प्रत्यक्ष सरकताना पाहिले आणि २०१४ मध्ये ते छापलं: तळ्यात उथळ पाणी साचतं, रात्री त्यावर खिडकीच्या काचेएवढा पातळ बर्फ धरतो, सकाळी तो फुटतो आणि हलक्या वाऱ्याने त्याचे मोठे तुकडे दगडांना हळूहळू ढकलत नेतात. वादळ नाही, चुंबक नाही. मला स्वतःला हे उत्तर त्या गूढापेक्षा जास्त आवडलं.

पण तिथे जायला उबेहीबी क्रेटरपासून २७ मैलांचा कच्चा रस्ता आहे. टोकदार दगड, आणि उंच गाडी, जाड टायर घेऊन या, अशी उद्यानाची स्पष्ट सूचना. आमच्या गाडीचं ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, तिथे पहिल्या मैलालाच जाईल. नवऱ्याचं म्हणणं, एका दिवसासाठी जीप भाड्याने घेऊ. मी नाही म्हटलं. मग आपली गाडी नेतोयच कशाला? तासभर खल झाला. शेवटी त्यानेच खोडरबर आणलं.

१९ एप्रिल

कापडी छपराला पाणी न मुरण्याचं औषध मारलं. पाऊस येणार नाही म्हणून नव्हे, तर धाग्यांत वाळू कमी शिरते म्हणून. मागची खिडकी काचेची नसून जाड पारदर्शक प्लास्टिकची आहे आणि चेनने उघडते. चेनला मेण चोळलं. पंक्चर किट, हवेचा छोटा पंप, जादा कूलंट, पट्टा, फ्यूज, टेप, हातमोजे. कागदी नकाशे, कारण तिथे फोनला रेंज मिळेलच असं नाही.

२४ एप्रिल, लोन पाइन ते स्टोव्हपाइप वेल्स

पहाटे लोन पाइन. पश्चिमेला माउंट व्हिटनी, ४,४२१ मीटर, शिखरावर बर्फ. अलास्का सोडून अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर हे, आणि उत्तर अमेरिकेतली सर्वांत खोल जमीन इथून सरळ रेषेत १४० किलोमीटरच्या आत. उद्या तिथे असू. या दोघांच्या मधल्या डोंगररांगांनीच डेथ व्हॅली घडवली आहे. पॅसिफिकवरून येणारे ढग एकेका रांगेवर पाऊस टाकत येतात आणि शेवटच्या रांगेपलीकडे पोचेपर्यंत कोरडे झालेले असतात. खोऱ्यात वर्षाला सरासरी दोन इंच पाऊस.

कॅलिफोर्निया १९० घेतला. पॅनामिंट खोऱ्याचा तळ ओलांडला आणि समोर टाउन पासचा चढ. तळापासून हजारेक मीटर वर, सलग, जवळजवळ सरळ. वळणं असती तर बरं झालं असतं, म्हणजे इंजिनला मध्ये मध्ये श्वास घेता आला असता. बाहेर ३४ अंश. तिसऱ्या गिअरमध्ये, चार हजारांवर आरपीएम, एसी चालू.

९७. ९९. १०१. पंखा लागून बराच वेळ झाला होता. एसी बंद करा, इंजिन तापेल, अशा पाट्या इथल्या चढांवर लावलेल्या असतात आणि त्या उगाच नाहीत. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, त्यामुळे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा. वर कॉम्प्रेसर इंजिनकडून ताकद घेतो तो वेगळाच. १०२ ला एसी बंद केला. १०४ ला हीटर पूर्ण चालू, पंखा फुल.

हीटर म्हणजे खरं तर डॅशबोर्डच्या मागे बसवलेला दुसरा छोटा रेडिएटर. ३४ अंशांत पायांवर ती वाफ घेणं म्हणजे शिक्षाच. नवरा काही बोलला नाही, फक्त मागच्या खिडकीची चेन उघडली आणि आपले पाय वर सीटवर घेतले. माझे पॅडलवर, त्यांना कुठे सुटका. पण आकडा उतरला. १०२, १००, ९८. झाकण, होज, टाकी, सगळं जागच्या जागी.

माथा १,५११ मीटरवर. तिथून स्टोव्हपाइपपर्यंत उतारच उतार, समुद्रसपाटीला. तिसऱ्यात ठेवून इंजिनवरच उतरवली, ब्रेकला फक्त वळणाआधी हात. आमच्या पुढे एक मोठी गाडी सगळा घाट ब्रेकचे लाल दिवे पेटवून उतरत होती आणि जळक्या ब्रेकचा वास आमच्या उघड्या छपरातून थेट नाकात. अंतर वाढवलं.

२५ एप्रिल, खोऱ्याच्या तळाला आणि मग माथ्यावर

छपराचा नियम आज ठरला: सूर्योदय ते नऊ उघडं, दिवसभर बंद, सूर्यास्तानंतर पुन्हा उघडं. दुपारी उघड्या गाडीत वारा लागतो म्हणून बरं वाटेल असा समज असतो. हवा कातडीपेक्षा गरम झाली की वारा उलट तुम्हाला तापवतो. शिवाय घाम येतो आणि दिसायच्या आत उडून जातो. अंग कोरडं, म्हणून पाणी पिण्याची आठवण होत नाही. नवऱ्याने घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावला. गजर वाजला की घोट.

आर्टिस्ट्स ड्राइव्ह सकाळी सात वाजता. नऊ मैल, एकेरी वाहतूक, २५ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी, म्हणजे घरासारख्या मोठ्या व्हॅन पुढे नाहीत आणि समोरून कोणी येत नाही. रस्ता डोंगराच्या पायथ्याशी वरखाली, डावीउजवीकडे फिरतो. वेग फार नाही, ठेवायचाही नाही. दुसरा गिअर, तिसरा गिअर, परत दुसरा. मध्ये मध्ये रस्ता एकदम खाली बुडतो आणि वर येतो. डोंगरातलं पाणी वाहून जायला सोडलेल्या वाटा त्या. उंच गाडीला त्या कळतही नसतील. आम्ही प्रत्येकीच्या तोंडाशी जवळजवळ थांबून, तिरकी घालून उतरत होतो, तरी एकदा पुढची कड डांबराला घासलीच.

आणि रंग. गुलाबी, पिवळा, जांभळा, मध्येच फिकट हिरवा, एकमेकांत न मिसळता. जुन्या ज्वालामुखीचा थर आहे तो. लोखंडाने लाल-पिवळे दिले, मँगनीजने जांभळा. सकाळच्या तिरक्या उन्हात हिरवा ठळक दिसतो की नाही यावर आमचं एकमत झालं नाही. लोक दुपारनंतर जा म्हणतात. माझ्या मते सकाळी रिकामा रस्ता मिळणं हे जास्त मोलाचं.

बॅडवॉटर. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. मागच्या कड्यावर उंचावर 'समुद्रसपाटी' अशी पाटी ठोकलीय. आधी मान वर करून ती शोधायची, मग समोर बघायचं. मिठाचं मैदान, षटकोनांच्या कडा उभ्या राहिलेल्या. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळाच्या पावसाने इथे एका दिवसात २.२० इंच पाणी ओतलं, म्हणजे वर्षाचा कोटा एका दिवसात. या मैदानात तळं साचलं आणि ते इतके महिने टिकलं की पुढच्या वर्षी लोकांनी त्यात छोट्या होड्या चालवल्या. आज थेंब नाही. ३९ अंश, एप्रिलमध्ये. इथून जवळच फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंशांची नोंद झाली, तो आजही जागतिक उच्चांक म्हणून मानतात, काही तज्ज्ञ शंका घेत असले तरी. उन्हाळ्यात गाड्यांच्या कंपन्या आपली न आलेली मॉडेलं नक्षीदार चिकटपट्ट्यांत गुंडाळून इथे तापवायला आणतात. आमच्या गाडीच्या मॉडेलची ती परीक्षा ते बाजारात येण्याआधी कोणीतरी घेतलेलीच असणार.

संध्याकाळी दान्तेज व्ह्यू. जिथे सकाळी उभे होतो त्याच जागेच्या बरोबर वर, १,६६९ मीटरवर. शेवटचा चढ फार खडा, दुसऱ्या गिअरमध्येही इंजिन कुरकुरलं, कारण दर हजार फुटांना ताकद साधारण तीन टक्क्यांनी कमी होते. वर थंडी. खाली तळपणारं मैदान आणि इथे आम्ही स्वेटर शोधतोय. कोरडी हवा दर किलोमीटर उंचीला जवळजवळ दहा अंशांनी थंड होते, आणि खाली उतरताना तितकीच तापते. खोऱ्यातली गरम हवा वर जाते, थोडी निवते, पण उंच कडे तिला बाहेर जाऊ देत नाहीत. ती परत खाली येते आणि दाबली जाऊन पुन्हा तापते. वर उभं राहिल्यावर हे वाचण्यापेक्षा चांगलं कळतं.

वर पाण्याची एक बाटली अर्धी पिऊन बूच घट्ट लावलं. खाली पोचल्यावर नवऱ्याने ती उचलून दाखवली. दोन्ही बाजू आत ओढलेल्या, कोणीतरी मुठीत आवळल्यासारख्या. बूच सैल केलं, फस्स करून हवा आत गेली, बाटली टुणकन सरळ. हा प्रयोग त्याने उरलेल्या सगळ्या घाटांवर केला.

२६ एप्रिल, वारा

आज प्रवास नाही. सकाळी मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्यांवर चालायला गेलो, आणि दहापासून वारा सुटला. वाळू जमिनीलगत, गुडघ्याच्या खालीच सर्वांत जास्त उडते आणि आमच्या गाडीची बॉनेट त्याहून फार वर नाही. गाडी भिंतीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून उभी केली. हेडलाइट खाली मिटलेले, म्हणून निदान ते वाचले.

संध्याकाळी छपराच्या घडीत बोट घातलं तर पिठासारखी वाळू. तसंच छप्पर उघडलं असतं तर प्लास्टिकची खिडकी त्याच वाळूवर घासली गेली असती. कोरड्या फडक्याने खिडकी पुसणं तर त्याहून वाईट. आधी मऊ ब्रश, मग पाण्याची धार, मग फक्त टिपायचं. दोन लिटर पाणी गेलं. खेचरवाल्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे.

रात्री वारा पडला. २०१३ पासून हे उद्यान अंधाऱ्या आकाशासाठी जागतिक यादीत आहे. छप्पर उघडून सीट मागे केल्या. या गाडीच्या सीट फार मागे जात नाहीत, त्यामुळे मान अवघडली. मग खाली चटई टाकली. एवढ्यापुरती तरी जीप बरी होती, मागे आडवं पडता आलं असतं. हे मी मोठ्याने म्हटलं नाही.

२७ एप्रिल, दक्षिणेकडे

पेट्रोल फर्नेस क्रीकला काठोकाठ. टाकी ४५ लिटरची, चारेकशे किलोमीटर निर्धास्त. उद्यानात तीनच ठिकाणी पेट्रोल मिळतं, त्यामुळे अर्धी झाली की भरायची, ही शिस्त.

बॅडवॉटर रोडचा दक्षिणेकडचा भाग लांबलचक आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा. पण त्याच्या शेवटी जुबिली पास आणि सॅल्सबेरी पास लागतात आणि सगळं माफ. रुंद, लांब वळणं, पुढचं स्पष्ट दिसणारं, रहदारी नाही. तिसरा, चौथा, तिसरा. ११६ अश्वशक्तीसुद्धा पुरेशी आहे असं वाटायला लावणारे रस्ते जगात थोडे असतात. वर पोचल्यावर नवरा म्हणाला, "परत जायचं का खाली?" गेलो आणि परत वर आलो.

शोशोनहून १२७ ने बेकरकडे. इथे मृगजळाचा खेळ. सरळ रस्त्यावर पुढे पाणी चमकत होतं आणि मला ते फार जवळ वाटत होतं. रुंद जागा बघून बाजूला थांबलो. नवरा रस्त्याकडेला उकिडवा बसला, मग उभा राहिला, मग परत बसला. बसलं की पाणी जवळ येतं, उभं राहिलं की मागे सरकतं. तापलेल्या डांबरालगतच्या विरळ हवेत आभाळाचा उजेड वर वळतो, पण फक्त अगदी तिरका, अर्ध्या-एक अंशातला. डोळा जितका खाली, तितक्या जवळच्या रस्त्यावर तो तिरका कोन जुळतो. या गाडीत माझे डोळे जमिनीपासून मीटरभरावर. शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याला तेच तळं दुप्पट अंतरावर दिसत असणार. एका ट्रकने हॉर्न दिला, बहुधा उठाबशा काढणारा माणूस बघून.

बेकरला १३४ फूट उंचीचा थर्मामीटर, १३४ फॅरनहाइटच्या त्या विक्रमासाठी. फोटो काढला, पुढे.

'सीमा' नावाच्या रस्त्याने मोहावी राष्ट्रीय राखीव क्षेत्रात. ऑगस्ट २०२० मध्ये विजेने इथे आग लागली, ४३ हजार एकर जळाले आणि अंदाजे १३ लाख जोशुआ वृक्ष गेले. जगातल्या सर्वांत दाट जोशुआ वनांपैकी हे एक. आता रस्त्याच्या एका बाजूला मैलोन् मैल करडे सांगाडे उभे, फांद्या तशाच वर केलेल्या. छप्पर बंद ठेवायची वेळ होती, तरी उघडलं आणि सावकाश गेलो. कोणी बोललं नाही.

खाली केल्सोला युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं १९२४ चं स्टेशन. एवढ्या निर्जन जागी एवढी देखणी इमारत कशाला, याचं उत्तर आम्ही जो उतार उतरून आलो त्यात आहे. सीमाचा चढ वाफेच्या गाड्यांना एकटीने जमत नसे. मागून ढकलायला जादा इंजिनं इथे तयार ठेवत, आणि इथे पाणी होतं. टाउन पासच्या १०४ अंशांनंतर मला त्या इंजिनांबद्दल फार आपुलकी वाटली.

२८ एप्रिल, अँबॉय आणि जोशुआ ट्री

जुना रूट ६६. १९२६ मध्ये सुरू, १९८५ मध्ये अधिकृत यादीतून रद्द. शेजारून मोठा हमरस्ता गेला आणि अँबॉय ओसाड पडलं. रॉयज् या तिथल्या जुन्या मोटेल-कॅफेची १९५९ ची उंच पाटी अजून उभी आहे, तिच्याखाली प्रत्येक जण फोटो काढतो, आम्हीही. मला जास्त आवडला तो जवळचा अँबॉय क्रेटर, अडीचशे फुटांचा काळा शंकू. आजूबाजूला पसरलेला लाव्हा असा की काल थंड झाला असावा. डांबर वाहनतळापर्यंत, म्हणजे नियमात बसतं. पण अकरा वाजून गेले होते. त्या काळ्या दगडांत भर उन्हात चढून लोक जीव गमावतात, त्यामुळे पायथ्यावरूनच नमस्कार.

शीपहोल डोंगर ओलांडून ट्वेंटीनाइन पाम्स, तिथून जोशुआ ट्री. हे उद्यान, डेथ व्हॅलीचं उद्यान आणि मोहावीचं राखीव क्षेत्र, तिघांनाही आजचा दर्जा एकाच कायद्याने दिला, ३१ ऑक्टोबर १९९४ ला. म्हणजे आमची गाडी त्या तिन्हींपेक्षा वयाने मोठी. (डेथ व्हॅली १९३३ पासून आणि जोशुआ ट्री १९३६ पासून 'राष्ट्रीय स्मारक' होतीच, असं शेजारून सांगण्यात आलं.)

जोशुआचं झाड युकाच्या जातीचं. त्याच्या खोडात वाढीची वर्तुळं नसतात, त्यामुळे वय अंदाजाने, उंचीवरूनच काढतात. परागीभवन एका विशिष्ट पतंगाकडून होतं, तो नाही तर बी नाही.

आणि मग पिंटो बेसिन रोड. माझ्या यादीत हा पहिला, आर्टिस्ट्स ड्राइव्ह दुसरा, सॅल्सबेरी तिसरा. नवऱ्याची यादी उलटी आहे. रस्ता उंच मोहावीतून खालच्या कॉलोराडो वाळवंटात उतरतो आणि उतरता उतरता झाडंच बदलतात. जोशुआ विरळ होतात, मग एकदम संपतात, मग नुसती काटेरी झुडपं आणि अचानक चोयाचा पट्टा: कमरेएवढी निवडुंगं, उन्हाकडे बघितलं तर प्रत्येकीभोवती सोनेरी काट्यांची कड. सुंदर दिसतात, हात लावू नये. एक तुकडा चपलेला चिकटला आणि नवऱ्याने तो झटकताना बोटाला लावून घेतला. कंगव्याच्या दातांत धरून ओढला तेव्हा निघाला. कंगवा सोबत ठेवा, हा सल्ला आम्ही कुठेतरी वाचला होता आणि हसलो होतो.

५ मे

गाडी उचलून खालून पाहिली. पुढच्या कडेला ओरखडा, ऑइल पॅन शाबूत. एअर फिल्टर काढून आपटला, जमिनीवर फिकट वाळूचा ढीग, नवीन टाकला. रेडिएटरच्या जाळीत किडे आणि वाळू, आतून बाहेरच्या दिशेने पाणी मारून काढली. बाहेरून मारलं तर सगळं आणखी आत बसतं. काचेवर वाळूचे बारीक टोचे, सूर्य समोर असला की दिसतात. बदलायची गरज नाही.

कूलंट थेंबभरही कमी झालेलं नाही. क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबर मात्र ओलसर दिसतंय, नवीन मागवलाय. चाकांचं अलाइनमेंट शनिवारी. नवरा म्हणतो, नोव्हेंबरात व्हाइट सँड्स. तिथल्या रस्त्याचे शेवटचे तीन मैल डांबरी नाहीत, दाबून बसवलेल्या जिप्समचे आहेत. नियमात बसतं का, यावर चर्चा चालू.